शांतता, एकोणीस सेकंद

माझ्या प्रबंधाच्या तिसऱ्या प्रकरणात
एक रेकॉर्डिंग आहे, एकेचाळीस मिनिटांचं.
हाळीचा जनावरांचा बाजार.
घंटा, खोकला, कोणीतरी चहाला हाक मारतंय,
औरादचा शरणप्पा कानडीत बैलाचे दात मोजतोय,
रुक्मोद्दीनचाचा त्याला दखनीत शिवी देतोय
आणि हसतायत सगळे मराठीत.
मग काहीच नाही.
मी कंसात लिहिलं : शांतता, एकोणीस सेकंद.
तेवढ्यात एक देवणी बैल
मालक बदलून गेला.

बापू दलाल.
खांद्यावरचा रुमाल घाम पुसायचा नाही,
त्याच्याखाली दोन हात जातात,
बोटं बोटांना धरतात, सोडतात, पुन्हा धरतात.
वरती दोघं
दुसऱ्याच कुणाच्या बैलाकडं बघत असतात.

विद्यापीठात मला शिकवलं
की भाषा म्हणजे नुसतं व्याकरण नव्हे, व्यवहार.
कोण कोणाशी बोलू शकतं,
कोण कोणापुढं गप्प बसतं,
कोणाच्या उच्चाराला बाजारात किती भाव.
भाव म्हटल्याबरोबर मी वहीतून मान वर केली.
सिद्धांत लांबच्या देशातला होता,
मला शेणाचा वास आला.

त्याच आठवड्यात टिपण परत आलं.
"काय करलालास?" असं बापूचं वाक्य होतं, जसंच्या तसं.
कॉम्प्युटरनं त्याखाली एक लाल रेघ मारली होती,
सरांनी पेनानं दुसरी.
म्हणाले, आधी स्वतःची भाषा सुधारा,
मग भाषेवर लिहा.
मी 'काय करत आहेस' केलं.
घरी वाचून दाखवलं तर बापूनं विचारलं,
"ह्ये कोण बोललालाय?"

लिंबाजी कांबळे, वय ब्याऐंशी, मुलाखत दुसरी :
"माज्या बापाच्या ओंजळीत पाटील पैसे वरून टाकायचा.
पर बैल घ्यायचा म्हणल्यावर
रुमालाखाली हात द्यावाच लागायचा त्याला.
तितकाच शिवायचा बघ."
आणि रुमाल काढल्यावर?
"काढल्यावर काय. हात धुयाचा.
भाव धुता येत न्हवता."

सरांनी हे तळटिपेत ढकललं.

बापूला म्हटलं, बोटांचे अर्थ सांग, तक्ता करते.
"तक्ता केल्यावर मग रुमाल कशाला?"
एवढंच बोलला आणि बिडी शोधायला उठला.

बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं,
या शांततेत विदा कुठं आहे?
मी ते एकोणीस सेकंद पुन्हा वाजवले.
सगळ्यांना वरचा पंखा ऐकू आला.
मी डॉक्टर झाले.

जळकोटच्या कॉलेजात लागले, तासिका तत्त्वावर.
ओसरीवर चुलते, शेजारी, पेढ्यांचा पुडा.
कोणीतरी विचारलंच, पगार किती मग?
मी हसले.
तासाला इतके, महिन्याला होतील तितके तास,
तेही वर्षाअखेरी, बिल मंजूर झालं तर :
चारशे पानं लिहिलेल्या बाईच्या
तोंडातून आकडा निघेना.

बापू सरकून जवळ बसला.
खांद्यावरचा रुमाल माझ्या हातावर टाकला
आणि खाली आपला हात घातला.
जन्मभर पाहिलेलं, पण बाहेरूनच.
आत अंधार होता, आणि कासऱ्यानं घट्टे पडलेली
पाच बोटं.
मी अंदाजानं धरली. चुकलेच असणार,
कारण त्यानं माझं एक बोट
उचलून दुसऱ्या पेरावर ठेवलं,
थांबला,
आणि मला पुन्हा सांगू दिलं.
वरती आम्ही दोघं
दुसऱ्याच कुणाच्या पेढ्याकडं बघत होतो.

मग त्यानं रुमाल झटकला, खांद्यावर टाकला.
"बैल चांगला हाय," म्हणाला.
"गिऱ्हाईक बरं न्हाई."